खोक्यावरचे नाव

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात जो कधी गेला आहे, त्याला तिथली एक छोटी परिभाषा पाठ झालेली असते. हव्या त्या भागाचे नाव सांगितले की काउंटरपलीकडून विचारणा होते, ‘कुठला देऊ? कंपनीचा, ओईएम, लोकल, का चायना?’ ऐकणाऱ्याला वाटते, आपल्यापुढे निश्चित अर्थांचे चार शब्द ठेवले आहेत. वस्तुतः यांतला एकही शब्द आपल्या अर्थाला जागत नाही. ‘कंपनीचा’ म्हणून मिळणारा भाग बहुधा मोटारकंपनीने घडवलेला नसतो. तो तिच्या पुरवठादाराने घडवलेला आणि तिच्या खोक्यात भरलेला असतो. ‘ओईएम’ या संज्ञेने खरे तर नव्या मोटारीला कारखान्यात जो भाग बसवला जातो त्याच्या उत्पादकाचा बोध व्हायला हवा. दुकानात तिचा अर्थ ‘त्यातल्या त्यात बरा’ एवढाच उरला आहे. ‘लोकल’ माल गावातला, जिल्ह्यातला, इतकेच काय देशातला असेलच असे नाही. आणि ‘चायना’ हे आता एका देशाचे नाव राहिलेले नाही, ते प्रतवारीच्या शेवटच्या पायरीचे नाव झाले आहे.

माझे म्हणणे आरंभीच मांडते. बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांचा दर्जा घसरला आहे, ही तक्रार मला खरी वाटते. उत्पादन परदेशात गेल्यामुळे तो घसरला, हे तिचे स्पष्टीकरण मात्र मला मान्य नाही. ते सगळ्यांच्या सोयीचे आहे म्हणून टिकले आहे. दुकानदाराला ते सोयीचे, खोक्यावर नाव छापणाऱ्याला सोयीचे, सरकारी यंत्रणेला सोयीचे. आणि गिऱ्हाईक म्हणून मिरवणाऱ्या तुम्हाआम्हाला तर सर्वांत जास्त सोयीचे.

साहित्यचर्चेच्या पानावर ब्रेक आणि बुश यांचे काय काम, असा प्रश्न काही वाचक विचारतील. शब्दाने अर्थाशी इमान राखले नाही तर काय होते, हा आपल्या शास्त्राचा जुना प्रश्न आहे. वर्गात आपण तो कवितेच्या संदर्भात शिकवतो. मला तो घाटात शिकावा लागला.

२०२३ च्या एप्रिल महिन्यात परीक्षेच्या कामावरून पाचगणीहून वाईकडे उतरत होते. मागच्या आसनावर आई होती. पसरणीच्या घाटाची अर्धी उतरण झाली असेल, तोच पुढच्या उजव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढ घेई. पुढच्या वळणापर्यंत पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली जाऊ लागले. दुसऱ्या गिअरवर, मग पहिल्यावर आणत, हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. मडगार्ड चेपले. आईने ‘काय गं झालं?’ एवढेच विचारले. दरीची बाजू आमच्या उजव्या हाताला होती, हे मला गाडी थांबल्यानंतर दिसले.

वाईहून आलेल्या मिस्त्रींनी चाक उघडले आणि ब्रेक पॅड माझ्या हातात ठेवला. हातात फक्त लोखंडी पाटी होती. तिच्यावर चिकटवलेला घर्षणाचा थर आख्खा सुटून गेला होता. ज्या जागी तो चिकटलेला असायला हवा तिथे तांबूस गंज होता. म्हणजे पाटी नीट साफ न करताच थर वर दाबला असावा, किंवा चिकटद्रव्य घाटातील उष्णतेला पुरे पडणारे नसावे. पॅड चार महिन्यांपूर्वीच बसवले होते. ते मीच दुकानातून आणले होते, आणि ‘चायना’ किंवा ‘लोकल’ म्हणून आणले नव्हते. खोक्यावर परिचित नाव होते आणि त्या नावाचे पैसे मोजले होते.

मिस्त्री म्हणाले, ‘मॅडम, पूर्वी खोकं बघितलं की आतला माल कळायचा. आता खोकं तेच आहे.’

यापुढचा भाग आपल्यापैकी अनेकांच्या अनुभवाचा असेल. दुकानदाराने पाटी उलटीसुलटी करून पाहिली आणि निर्वाळा दिला, ‘चायना असणार. हल्ली सगळं तिकडूनच येतं.’ खोक्यावर बघावे म्हटले तर ठळक अक्षरांतील नावाखाली बारीक टाइपात दुसऱ्याच एका कंपनीने ते ‘पॅक व मार्केट’ केल्याचे लिहिले होते. घडवणाऱ्याचे नाव कुठेही नव्हते. उत्पादनाचा देश जिथे छापतात त्या जागेवर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली होती. ती नखाने खरवडताना खालचा कागदही निघून आला. मदतकेंद्राच्या क्रमांकावर फोन केला तेव्हा अत्यंत नम्र आवाजात सांगण्यात आले की ती वस्तू नकली असण्याची शक्यता आहे. अधिकृत विक्रेत्याचे बिल पाठवावे, म्हणजे तपासता येईल.

बिल माझ्याकडे नव्हते. खरेदीच्या वेळी दुकानदाराने विचारले होते, ‘बिल करायचं का? मग टॅक्स पडेल.’ त्या वेळी बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता. मी ‘नको’ म्हणाले होते आणि सुमारे चारशे रुपये वाचवले होते.

या सगळ्या प्रकारात एक गोष्ट मला आजतागायत कळलेली नाही: तो पॅड कुठे तयार झाला? तो चीनमध्ये झाला असेल, दिल्लीच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला असेल, पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर झाला असेल. दुकानदाराला ते ठाऊक नव्हते, पण देशाचे नाव घ्यायला त्याला क्षणही लागला नाही. पुराव्यावाचून उच्चारलेल्या या एका शब्दाने चौकशी संपली. ‘चायना’ हा शब्द नेमके हेच काम करतो. दोषी माणूस शोधायचा नसेल तर दोषी देश सांगावा. देशावर फिर्याद गुदरता येत नाही.

आता या तक्रारीच्या इतिहासाकडे पाहू. ‘पूर्वीचे पार्ट काय मजबूत होते’ अशी स्मरणगाथा गाणारे आपल्या प्रत्येकाच्या घरात एकतरी असतात. तो काळ इतका सोन्याचा नव्हता. परवान्यांच्या त्या जमान्यात मोटारींच्या मोजक्या जाती होत्या, गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, आणि सुटा भाग मिळालाच तर तो चांगला आहे की वाईट हे विचारण्याची सोय नसे. नकली मालही तेव्हा होताच. मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी इतकी वर्षे धावल्या, २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या टॅक्सीची मुदत संपेपर्यंत टिकल्या, त्यात कारखान्याच्या कर्तृत्वापेक्षा गल्लीबोळांतील लेथवाल्यांचे कर्तृत्व मोठे होते. पिन घासली की भरून टर्न करायची, बुश दाबून बसवायचा, ब्रेकच्या शूला नवे लायनर रिव्हेट करून घ्यायचे. हा सगळा ‘लोकल’ माल होता, आणि त्यात वाईट कामही पुष्कळ होते.

पण त्या वाईट कामाला पत्ता होता. लेथवाल्याने हलके पोलाद वापरले तर महिनाभरात टॅक्सीवाला त्याच्या दारात उभा राही आणि चारचौघांत त्याचा उद्धार करी. घडवणारा आणि नाव लावणारा एकच होता, आणि त्याचे दुकान कोपऱ्यावर होते. त्याचे नाव म्हणजे अक्षरशः त्याचीच अब्रू होती.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्या मागोमाग पुरवठादारांचे एक नवे जाळे उभे राहिले आणि दर्जाची एक नवी शिस्तही आली. १ एप्रिल २००१ रोजी भारताने आयातीवरील उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठवले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. या दोन घटनांनंतर सुट्या भागांच्या व्यापारात एक नवा मनुष्य प्रबळ झाला. तो काहीही घडवत नाही. त्याच्याकडे एक नाव असते. कधी वडिलोपार्जित, कधी विकत घेतलेले, कधी नुसते कानाला जर्मन किंवा जपानी वाटेल असे रचलेले. तो परदेशी किंवा देशी कारखान्याकडे जातो आणि त्याला नमुना व किंमत देतो. किंमत आधी ठरते, वस्तू नंतर. एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून तीन किमतींचे तीन माल निघू शकतात, आणि कोणता घ्यायचा हे घेणारा ठरवतो. कारखानदार त्याला विचारतो, ‘कुठला देऊ?’ आपल्या काउंटरवरचा प्रश्न मुळात तिथे विचारला गेलेला असतो. दर्जा खाली आणण्याचा निर्णय परदेशात झालेला नसतो. तो येथील एखाद्या वातानुकूलित खोलीत, खरेदीच्या भावावर पेन्सिल फिरवताना झालेला असतो.

याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेत घडले आहे. न्यू जर्सीतील एक छोटी आयातदार कंपनी चीनमधील हांगचौ येथील कारखान्यातून व्हॅन आणि हलक्या ट्रकांचे टायर आणून वेगवेगळ्या नावांनी विकत असे. टायरच्या पोटात पोलादी तारांचे पट्टे असतात. हे पट्टे एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये रबराची एक पातळ पट्टी घालतात. ही पट्टी काही टायरांत घातलेलीच नाही किंवा पुरेशी घातलेली नाही, असा आयातदाराचा आरोप होता. कारखान्याने तो नाकारला. २००६ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियात एका व्हॅनला अपघात होऊन दोघांचा मृत्यू झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. २००७ च्या जूनमध्ये अमेरिकी सरकारने टायर परत मागवायला सांगितले, तेव्हा साडेचार लाख टायरांची भाषा होती. पुढे हा आकडा अडीच लाखांच्या आसपास आला.

वृत्तपत्रांतून हे प्रकरण ‘चिनी टायर’ म्हणून गाजले. पण त्यातला मला सर्वांत उद्बोधक वाटणारा भाग वेगळाच आहे. अमेरिकी कायद्याप्रमाणे परत मागवण्याची जबाबदारी आयातदारावर होती, आणि आयातदाराने सांगितले की एवढे टायर परत घेण्याइतका पैसा आमच्याजवळ नाही. टायरमध्ये काही तरी बिनसल्याची शंकाही त्याला बरीच आधी आलेली होती. लाखो चाकांवर ज्याच्या मालाची नावे फिरत होती त्याच्याकडे त्या नावांची किंमत चुकवण्याची ऐपत नव्हती. दोष सीमेच्या अलीकडे की पलीकडे, हा वाद कितीही वेळ चालू शकतो. दोष निघाला तर कोण उभा राहणार, याचे उत्तर मात्र खरेदीच्या आधी मिळायला हवे होते.

त्यानंतर सतरा वर्षांनी, २०२४ च्या जुलैमध्ये, त्याच देशाच्या रस्तेसुरक्षा यंत्रणेने पुन्हा एक इशारा दिला. अपघातात एकदा फुटलेल्या एअरबॅगच्या जागी स्वस्त, निकृष्ट इन्फ्लेटर बसवलेल्या काही जुन्या मोटारी बाजारात फिरत होत्या. पुढच्या अपघातात ते इन्फ्लेटर फुटून त्यांतले धातूचे तुकडे माणसांच्या अंगात घुसले. इशारा दिला तेव्हा तिघांचा मृत्यू झालेला होता. ज्यांनी त्या मोटारी विकत घेतल्या होत्या त्यांना आपल्या स्टिअरिंगच्या पोटात काय आहे हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

अमेरिकेतील मोटारमालक जेव्हा ‘आजकाल सगळे पार्ट परदेशातून येतात’ म्हणून कपाळाला हात लावतो, तेव्हा त्याच्या मनातल्या ‘परदेशा’त आपणही असतो, ही गोष्ट आपण विसरतो. २०२३-२४ या वर्षी भारताची मोटारीच्या भागांची निर्यात सुमारे २१ अब्ज डॉलरची होती आणि आयातही जवळपास तेवढीच. निर्यातीतला मोठा वाटा उत्तर अमेरिकेचा आणि युरोपचा आहे. १९६१ साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट आणि अॅक्सल बीम परदेशातील ट्रकांच्या पोटात असतात. कोल्हापुरात उद्यमनगरापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत ओतकामाचे जे कारखाने आहेत, तिथले कास्टिंगही समुद्रापार जाते. त्या देशांच्या लेखी हे सगळे ‘ओव्हरसीज’ आहे. मग तो माल परदेशी असल्यामुळेच वाईट ठरतो काय? शिरोलीतील ओतारी हा प्रश्न ऐकून हसेल. घेणारा कास्टिंगच्या प्रत्येक घाणीचा क्रमांक मागतो, धातूच्या पृथक्करणाचा कागद मागतो, एक नग सदोष निघाला तर अख्खी खेप परत पाठवतो. म्हणून ते कास्टिंग चांगले निघते. हेच कोल्हापुरी हात कमी पैशांत, बिनक्रमांकाचा, कोणी तपासणार नाही असा माल काढायला लावले तर तसाही काढतील. चीनलाही हाच न्याय लावावा लागेल. जगात सर्वाधिक मोटारी आज तिथे तयार होतात, आणि तिथले भाग जगभरच्या नामांकित मोटारींना कारखान्यातच बसवले जातात. जो देश मागणीप्रमाणे उत्तम माल देऊ शकतो तो मागणीप्रमाणेच निकृष्ट मालही देतो. मागणी कोणाची होती, हा प्रश्न ‘चायना’ या शब्दाखाली गाडला जातो.

निकृष्ट भागाचे एक लक्षण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तो बाहेरून कधी निकृष्ट दिसत नाही. काटकसर नेहमी डोळ्यांआड केली जाते. ऑइल फिल्टरचा डबा तसाच चकचकीत असतो. आतल्या कागदाच्या घड्या कमी झालेल्या असतात, किंवा इंजिन बंद केल्यावर तेल मागे ओघळू न देणारी रबराची झडप पातळ झालेली असते. बेअरिंगची कडी आरशासारखी असते. आतले ग्रीस हलके असते. सस्पेन्शनचा बुश हाताला पूर्वीइतकाच कडक लागतो. त्याच्या रबरात भर घातलेली असते आणि पहिल्या पावसाळ्यानंतर त्याला चिरा पडतात. बॉल जॉइंटवरचे टोपण वर्षभरात फाटते आणि धूळपाणी आत शिरते. रंग, छपाई, चमकती होलोग्रामची टिकली यांच्यावर मात्र खर्चाला हात आखडलेला नसतो. पूर्वी फसवणारा पैसे वाचवण्यासाठी खोके स्वस्त काढी. आता खोकेच तेवढे खरे असते.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप गरिबीचा. रिक्षावाला, टेंपोवाला, जुन्या गाडीवर संसार चालवणारा छोटा व्यावसायिक महागडे भाग कोठून आणणार? स्वस्त मालानेच त्याची चाके फिरती ठेवली आहेत. आक्षेपामागची कळकळ मान्य; निष्कर्ष अमान्य. स्वस्त वस्तूला माझा विरोध नाही. कमी टिकणारा ब्रेक पॅड कमी किमतीत, ‘हा कमी टिकेल’ असे सांगून विकला तर तो प्रामाणिक व्यवहार आहे, आणि घेणारा आपल्या ऐपतीप्रमाणे निवड करील. पण कमी टिकणे निराळे आणि उतारावर सुटून येणे निराळे. शिवाय बुश स्वस्त घेतला म्हणून तो बसवण्याची मजुरी स्वस्त होत नाही. वर्षात दोनदा तेच काम करून घेणारा टेंपोवाला चांगल्या भागापेक्षा जास्त पैसे मोजतो, आणि दोन दिवसांचे भाडे बुडते ते वेगळेच. गरिबाच्या नावाने चालणाऱ्या या व्यापारात गरिबाला काय उरते, हे एकदा त्याच्याच वहीत पाहावे.

दुसरा आक्षेप सुखवस्तूंचा: ‘एवढी भीती वाटते तर कंपनीचाच पार्ट घ्यावा, कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये जावे.’ हा सल्ला देणाऱ्यांना २०१४ सालाची आठवण करून द्यायला हवी. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देऊन त्यांनी आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण न्यायालयांत लांबले. परंतु प्रश्न आपल्या जागी राहतोच. चांगला भाग हवा असेल तर मक्तेदाराच्या दारात जा, नाहीतर काउंटरवर नशीब आजमावा, असे दोनच रस्ते ज्या बाजारात उरतात त्याला खुला बाजार का म्हणायचे? खऱ्या ‘ओईएम’ उत्पादकाने घडवलेला भाग त्याच्या स्वतःच्या नावाने, रास्त किमतीत, सर्वत्र मिळणे ही या दोहोंमधली वाट होती. ‘ओईएम क्वालिटी’ असे खोक्यावर छापून कोणालाही काहीही विकता येऊ लागले आणि ती वाट चोरांनी भरली.

कायदा नाही म्हणून हे चालले आहे, असेही म्हणता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेला भाग निकषांत न बसणारा असताना जो विकेल, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दर नगामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच वर्षीचा ग्राहक संरक्षण कायदा तर आपल्या चर्चेच्या मुळाशीच जातो. दुसऱ्याने घडवलेल्या वस्तूवर जो आपले चिन्ह लावतो, त्यालाही हा कायदा ‘उत्पादक’च मानतो. आणि उत्पादक कोण हे कळत नसेल तर सदोष वस्तूबद्दल विक्रेत्याला जबाबदार धरण्याची सोयही त्यात आहे. नाव लावले की घडण तुझी, आणि नाव सांगता येत नसेल तर दोष तुझा. इतका स्वच्छ न्याय आपल्या विधिमंडळांतून क्वचितच बाहेर पडतो. तरीही तो काउंटरपर्यंत पोचत नाही. तिथपर्यंत त्याला नेणारा एकमेव कागद म्हणजे बिल, आणि तो कागद आपणच नाकारलेला असतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे. कर जड आहे म्हणून बिल नको, ही सबब त्यामुळे हलकी झाली. सवय गेली नाही. मागच्याच महिन्यात मी काउंटरवर उभी असताना माझ्या आधीच्या तिघांनीही बिलाला नकार दिला. तिघेही सुशिक्षित दिसत होते. त्यांतले एक गृहस्थ सीमेवरच्या परिस्थितीविषयी बोलत होते आणि चिनी मालावर बहिष्कार घालायला हवा असे दुकानदाराला पटवून देत होते. खोक्यावरचा देश मात्र त्यांनी वाचला नाही. दुकानदाराने विचारले, ‘बिल?’ ते म्हणाले, ‘राहू दे हो.’

आपल्या व्यवसायातील मंडळींनी या गृहस्थांना हसू नये. बाजारातल्या मार्गदर्शकांवर ज्या प्राध्यापकांची नावे असतात त्यांनी ती सगळी पाने लिहिलेली असतात काय? निबंधावर एकाचे नाव आणि आत दुसऱ्याची मजुरी, हा प्रकार आपण पाहिलेला नाही काय? तिथेही आपण दोष कधी गाइड छापणाऱ्यावर ढकलतो, कधी इंटरनेटवर, कधी ‘आजकालच्या मुलां’वर. नाव उसने देणाऱ्या हाताकडे बोट करताना आपली जीभ जड होते, कारण तो हात बहुधा ओळखीचा असतो. खोक्याचा व्यापार आपल्याला अनोळखी नाही.

मागणी करायची तर ती थोडक्यात करता येते. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाक यांच्याशी संबंधित प्रत्येक भागावर, खोक्यावर नव्हे तर भागावरच, घडवणाऱ्याची खूण आणि खेपेचा क्रमांक कोरलेला असावा. टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक करता आले, तर ब्रेक पॅडच्या लोखंडी पाटीवर चार अक्षरे ठोकणे अवघड नाही. उत्पादनाच्या देशावर किमतीची चिठ्ठी चिकटवणे हा गुन्हा समजला जावा आणि त्यासाठी दुकानांची खरीखुरी तपासणी व्हावी. खेप सदोष निघाली तर ती ज्यांना विकली त्यांना कळवण्याची जबाबदारी खोक्यावर नाव छापणाऱ्याची असावी. आणि बिल घेणे ही आपली जबाबदारी आहे. ती दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही. माल चीनचा असो, तैवानचा असो, भोसरीचा असो, या चार गोष्टी पुरेशा आहेत. त्या नसतील तर ‘स्वदेशी’ ही अक्षरेसुद्धा खोक्यावरच्या छपाईचाच एक भाग होऊन बसतील.

त्या एप्रिलनंतर आमच्या मिस्त्रींनी एक नवीन पद्धत सुरू केली आहे. बसवलेल्या प्रत्येक ब्रेक पॅडचे रिकामे खोके ते टाकून देत नाहीत. त्यावर मार्करने गाडीचा नंबर, तारीख आणि दुकानाचे नाव लिहितात, बिलाची घडी आत सरकवतात आणि खोके गॅरेजमधल्या वरच्या फळीवर ठेवतात. बिल न आणणाऱ्या गिऱ्हाइकाचे पॅड ते आता बसवत नाहीत. त्यामुळे काही गिऱ्हाइके तुटली, असे ते सांगतात. परवा गेले तेव्हा फळीवर साठ-सत्तर खोकी असावीत. माझ्या गाडीचे डावीकडून तिसरे होते.